माधुकरीवर वाढलेला आवाज

गेल्या दिवाळीची गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट होती. अभ्यंगस्नान आटोपून मी बैठकीत येऊन बसलो आणि गेली कित्येक वर्षे ज्या आवाजाने माझी दिवाळी सुरू होते, तो आवाज लावला. आत सौ. फराळाची ताटे मांडीत होती. दहा मिनिटेही झाली नसतील, तोच दारावरची घंटा वाजली. उघडून पाहतो तो समोरच्या बिऱ्हाडातला तरुण उभा. डोळ्यांवर झोप, पायांत चपला नाहीत आणि चेहरा पार भेदरलेला.

"काका, घरात सगळं ठीक आहे ना? काकू बऱ्या आहेत ना?"

मी चकितच झालो. हा मुलगा मूळचा विजयवाड्याचा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला. एरवी जिन्यात भेटला की हसून बाजूला होणारा. आज सणाच्या पहाटे त्याला काय झाले?

"सगळं छान आहे. ये, आत ये," मी म्हणालो.

त्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि आतून येणाऱ्या आवाजाकडे बोट दाखवून म्हणाला, "मग ही गीता का लावलीत? आमच्याकडे ही ऐकू आली की लोक विचारतात, कोण गेलं?"

आता हसावे की काय करावे, मला कळेना. त्याचे काही चुकले नव्हते. आंध्र आणि तेलंगणात कुणाच्या घरी दुःखद घटना घडली की घंटसालांची भगवद्गीता लावतात. अंत्ययात्रेच्या गाडीवर हीच, दहाव्या-बाराव्याच्या मांडवात हीच. त्यामुळे पुष्कळ घरांत ती एरवी लावणे अशुभ मानतात. आणि आमच्या घरी मात्र तिच्यावाचून दिवाळीची पणती लागत नाही! हे असे का, ते त्या मुलाला सांगितले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

अम्माचे ताट

माझे बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेले. वडील एका कापडगिरणीच्या कचेरीत कारकून होते. पूर्व भाग म्हणजे पद्मशाली विणकरांची वस्ती. या मंडळींचे वाडवडील पोटापाण्यासाठी तेलंगणातून इकडे आले आणि सोलापूरची चादर त्यांनी देशभर नेली. दारात मराठी, घरात तेलुगू आणि रात्रंदिवस मागांचा खडखडाट. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघाला की सारा पूर्व भाग रस्त्यावर लोटायचा.

आमच्या शेजारी असेच एक विणकर कुटुंब होते. घरधन्याला सगळे 'मास्तर' म्हणत, आणि त्यांच्या पत्नीला आम्ही मुले 'अम्मा' म्हणत असू. १९६३ साली मी दहा वर्षांचा असताना आईला छातीचे दुखणे जडले आणि तिला उपचारांसाठी मिरजेला ठेवावे लागले. घरात वडील आणि मी. वडिलांना चहापलीकडे काही करता येत नसे. दोन दिवस आम्ही पोहे खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी अम्मा दारात येऊन उभी राहिली.

"पोराचं ताट आमच्यात. तुमचा डबा मी पाठवते. त्यात काय एवढं विचारायचं?"

महिनाअखेरीस वडील संकोचाने पैसे घेऊन गेले. मास्तर मागावर बसले होते. धोटा थांबवून म्हणाले, "माझा माग बंद पडला की मागून घेईन. तोवर तुमच्याजवळ राहू द्या." तो विषय तिथेच मिटला. सहा महिने मी अम्माच्या चुलीशी बसून भाकरी, भात आणि चिंचेचे चारू जेवलो. ते चारू इतके आंबट-तिखट असे की डोळ्यांतून पाणी यायचे. अम्मा हसायची आणि आणखी वाढायची.

मास्तरांजवळ एक चावीचा फोनो होता. रात्री माग थांबला की ते त्याला चावी देत, तबकडी पुसून ठेवीत, आणि त्या खोलीत एक भरदार, गंभीर आणि तरीही मायाळू आवाज भरून जाई. मला तेलुगू चार शब्दांपलीकडे येत नव्हते. पण त्या आवाजातला प्रत्येक शब्द असा सुटा आणि स्वच्छ यायचा की अर्थ कळत नसूनही काही तरी कळल्यासारखे वाटे.

"कोण गातंय?" मी पहिल्या दिवशी विचारले.

"घंटसाला," मास्तर म्हणाले, आणि हलकेच पुस्ती जोडली, "यानं पण लोकांच्या घरी जेवूनच गाणं शिकलंय, बरं का."

मला त्या वाक्याने किती धीर दिला असेल, हे ज्याने कधी दुसऱ्याच्या घरी ताट मांडून जेवले असेल त्यालाच कळेल.

चाळीसची अंगठी आठ रुपयांना

घंटसाला वेंकटेश्वर राव हे त्यांचे पूर्ण नाव. तेलुगूत आडनाव आधी येते, आणि हा गायक आयुष्यभर आडनावानेच ओळखला गेला. जन्म ४ डिसेंबर १९२२ चा, कृष्णा जिल्ह्यात गुडिवाड्याजवळच्या चौटपल्ली गावचा. वडील सूरय्या मृदंग वाजवीत आणि नारायणतीर्थांचे 'तरंग' गात. कृष्णलीलांची ही संस्कृत पदे तिकडच्या भजनात फार मानाची. बाप गायचा आणि त्याच्या खांद्यावर बसलेले पोर तालात नाचायचे. लोक त्याला कौतुकाने 'बाल भरत' म्हणत.

मुलगा अकरा वर्षांचा असताना वडील वारले. मुलाने संगीत शिकून मोठे व्हावे ही त्यांची अखेरची इच्छा होती. पुढे मामाने घर सांभाळले. पण शिकायचे कसे? गाणे शिकवतील या आशेने मुलगा गवयांच्या घरी कामाला राहिला. एका घरी कपडे धुतले, दुसऱ्या घरी स्वयंपाक केला. वर्ष गेले आणि हाती आले ते धुणे आणि रांधणे! अखेर बोटातली चाळीस रुपयांची अंगठी आठ रुपयांना विकून तो एकटाच विजयनगरला निघाला.

विजयनगरला का? तिथे १९१९ साली महाराजांनी संगीत महाविद्यालय स्थापन केले होते. हरिकथेचे महापुरुष आदिभट्ल नारायणदास हे तिथले पहिले प्राचार्य, आणि त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर थोर व्हायोलिनवादक द्वारम वेंकटस्वामी नायडू बसले. घंटसाला पोचले तेव्हा महाविद्यालयाला सुटी होती. राहायला आसरा मिळाला, पण इतर विद्यार्थ्यांच्या कुठल्याशा आगळिकीचे खापर याच्या डोक्यावर फुटले आणि तोही गेला. एका देवळात आश्रय घेतलेला हा पोरका मुलगा पाहून एका साधूने त्याच्या खांद्याला झोळी बांधली आणि त्याला माधुकरी मागायला शिकवले.

'माधुकरी' हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. वार लावून जेवलेली आणि पाच घरी 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणत शिकलेली एक आख्खी पिढी आपल्याकडे होऊन गेली. विजयनगरच्या गल्ल्यांतून हा मुलगा तसाच हिंडला. मिळालेल्या अन्नातले निम्मे दुपारी खायचे आणि निम्मे रात्रीसाठी फडक्यात बांधून ठेवायचे. रात्री फडके सोडावे तर भातभर मुंग्या! शेवटी त्याने मामाला पत्र लिहून थोडे पैसे मागवले. कशासाठी? तर अन्न ठेवायला एक पत्र्याचा डबा घ्यायचा होता म्हणून.

पुढे पट्रायनि सीतारामशास्त्री या प्राध्यापकांनी त्याला जवळ केले. घरची गरिबीच, पण त्यांनी विद्या देताना हात आखडला नाही. घंटसालांनी आयुष्यभर गुरू मानले ते यांनाच. शास्त्रीजींचे चिरंजीव संगीतराव हे पुढे घंटसालांचे सहायक झाले आणि हार्मोनियम घेऊन अनेक वर्षे त्यांच्या शेजारी बसले. संगीतरावांना दीर्घायुष्य लाभले. शंभरी गाठून ते २०२१ साली निवर्तले.

१९९१ साली नोकरीच्या निमित्ताने मला विशाखापट्टणमला जावे लागले. तिथून विजयनगर दोन तासांच्या अंतरावर. मास्तरांच्या फोनोची आठवण झाली आणि एका रविवारी मी तिकडे जाऊन आलो. महाविद्यालयात भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी जी गोष्ट सांगितली ती मी विसरू शकलेलो नाही. या मुलाच्या झोळीत पहिली भिक्षा घातली ती गावातल्या एका कलावंतिणीने. घंटसाला फार मोठे झाल्यावर विजयनगरात त्यांचा कार्यक्रम ठरला. ते गावात आले, आणि गाण्याआधी त्यांनी त्या वृद्धेला शोधून काढून तिच्या पायांवर डोके ठेवले. लोक काय म्हणतील, याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे अम्मा उभी राहिली. नोकरी लागली तेव्हा मी तिला शब्द दिला होता, "अम्मा, तुला तिरुपतीला नेईन." त्याला पंधरा वर्षे होऊन गेली होती. परत जाताना गाडीत मी मनाशी ठरवले की या दिवाळीनंतर नक्की.

तुरुंग, लग्न आणि मद्रास

शिक्षण पुरे करून घंटसाला गावी परतले. लग्नाकार्यात गायचे, मुलांना शिकवायचे असा क्रम सुरू झाला. तोच १९४२ चे आंदोलन पेटले. हे त्यात उतरले, पकडले गेले आणि बळ्ळारीच्या अलिपूर तुरुंगात दीड वर्ष राहून आले. सुटल्यावर १९४४ साली सावित्रीबाईंशी विवाह झाला. गंमत म्हणजे, लग्नाला जमलेल्या पाहुण्यांपुढे गाण्याचा कार्यक्रम झाला तो खुद्द नवरदेवाचा!

पत्नीच्या गावी समुद्राल राघवाचार्य या नामवंत चित्रपटलेखकाची गाठ पडली. समुद्राल म्हणाले, "मद्रासला या." हे गेले. पण समुद्रालांचे घर लहान. त्यांना अडचण नको म्हणून घंटसालांनी त्यागरायनगरातल्या पानगल पार्कच्या रखवालदाराला महिना दोन रुपये देऊ केले आणि बागेत पथारी टाकली. दिवसभर कामाच्या शोधात हिंडायचे आणि रात्री झाडाखाली निजायचे. एका ग्रामोफोन कंपनीत आवाजाची परीक्षा झाली. निकाल लागला की हा आवाज तबकडीला चालणार नाही! पुढे पेकेटी शिवराम यांनी त्यांच्याकडून तबकडी गाऊन घेतली आणि आकाशवाणीवर बालांत्रपु रजनीकांतराव यांनी संधी दिली.

चित्रपटात सुरुवात झाली ती समूहगीतातल्या एका आवाजापासून, १९४४ च्या 'सीताराम जननम्'मध्ये. १९४५ साली 'स्वर्गसीमा'त भानुमतीबाईंबरोबर गाण्याची संधी मिळाली. मानधन एकशे सोळा रुपये. आपल्याकडे जसे शकुनाचे एकशे एक, तसे तेलुगू मुलखात एकशे सोळा. शकुन खरा ठरला. १९५१ चा 'पाताळ भैरवी', १९५७ चा 'मायाबजार' आणि १९६३ चा 'लवकुश' या तिन्ही चित्रपटांचे संगीत त्यांच्या नावावर आहे. 'लवकुश' हा तेलुगूतला पहिला संपूर्ण रंगीत बोलपट. त्यातल्या लव-कुशांची गाणी लीला आणि सुशीला या दोघी गायिकांनी गायिली, आणि त्यांतल्या पी. सुशीला याही विजयनगरच्याच संगीत महाविद्यालयातल्या.

पुढे त्यांनी राहते घर घेतले ते उस्मान रोडवर. ज्या बागेत पथारी टाकली होती, ती बाग तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. मद्रासला नशीब काढायला आलेल्या होतकरू पोरांना त्या घरी जेवल्याशिवाय जाता येत नसे, असे त्यांच्या आठवणी लिहिणारे सांगतात. माधुकरीचा हिशेब हा असा पुरा होत होता. गाण्यात मिळवलेला पैसा तीन चित्रपट काढण्यात घातला आणि पुष्कळसा बुडाला. पण घरचे पान वाढणे थांबले नाही.

शब्दाला वजन

घंटसालांच्या गाण्यात विशेष काय होते? मी संगीतातला जाणकार नव्हे. पण जे मला मास्तरांनी ऐकवून शिकवले, तेवढे सांगतो.

आपल्या रंगभूमीवर साकी, दिंडी आणि पदे होती, तशी तेलुगू रंगभूमीवर 'पद्ये' असत. नट एकेक चरण गाऊन आलापी लांबवीत नेत आणि 'वन्स मोअर' घेत. टाळ्या पडत, पण कवीचे शब्द आलापांच्या गर्दीत हरवून जात. घंटसालांनी पद्य गायचे, पण आलापी बेताची ठेवायची आणि शब्द पुढे आणायचा, असा पायंडा पाडला. राग तर दिसलाच पाहिजे, पण तो शब्दाला उचलून धरण्यापुरता. जोडाक्षर असे पडायचे की लहान मुलाने ऐकून शुद्ध लिहावे.

एन. टी. रामाराव आणि अक्किनेनी नागेश्वरराव हे त्या काळचे दोन मोठे नट. दोघांसाठीही आवाज यांचाच. तरी पडदा न पाहता नुसते ऐकून मास्तर सांगत, "हे रामारावांचं, आणि हे नागेश्वररावांचं." एकासाठी आवाजाला भारदस्तपणा यायचा, दुसऱ्यासाठी हळुवारपणा. १९५३ च्या 'देवदासु'मध्ये ते गायले तेव्हा आपल्या सैगलांचे चाहतेही माना डोलावतील असा विषाद त्यांनी स्वरांत ओतला.

आणि 'पुष्पविलापम्'! करुणश्री या नावाने लिहिणाऱ्या जंध्याल पापय्या शास्त्री यांचे हे काव्य. पूजेसाठी फुले तोडायला गेलेल्या माणसाजवळ फुलेच गाऱ्हाणे मांडतात, अशी कल्पना. मिरजेहून बरी होऊन आलेली माझी आई एका संध्याकाळी अम्माकडे बसली होती. मास्तरांनी ती तबकडी लावली आणि अम्मा कडव्याकडव्याला थांबवून आईला अर्थ सांगत गेली. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परडी घेऊन अंगणात गेली, जास्वंदीपाशी थोडी थांबली आणि नुसती प्राजक्ताचा सडा वेचून आत आली. मला म्हणाली, "प्राजक्त बरा. तो आपण होऊन खाली येतो."

मृत्यूच्या दारातून नुकत्याच परतलेल्या बाईला त्या फुलांचे म्हणणे पटले असावे. एका परक्या भाषेतल्या गाण्याने आमच्या देवघरातली फुले बदलली, ती आई असेपर्यंत.

पंढरीची वाट

घंटसाला तिरुमल-तिरुपती देवस्थानचे आस्थान विद्वान होते. व्यंकटेशाची त्यांची गीते तेलुगू घरांत पहाटे लागतात. पण आपल्या पंढरीशी आणि देहूशीही या आवाजाचे नाते आहे, हे मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९५७ साली 'पांडुरंग माहात्म्यम्' हा चित्रपट निघाला. त्यात रामाराव पुंडलिकाच्या भूमिकेत होते. आईबापांना दुखवून अखेर पश्चात्तापाने त्यांच्या सेवेला लागलेल्या पुंडलिकाची आर्तता घंटसालांनी अशी गायिली की सोलापूरला हा चित्रपट सकाळच्या खेळाला लागला, तेव्हा मास्तरांनी माग बंद ठेवून सगळ्या घराला नेले. मलाही नेले. विठ्ठल तेलुगू बोलतो याचे मला नवल वाटले. मास्तर म्हणाले, "देव आहे तो. त्याला काय, दोन्ही येतं."

आणि १९७३ साली आला 'भक्त तुकाराम'. नागेश्वरराव तुकोबा झाले, अंजलीदेवी त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत, आणि छत्रपती शिवाजी महाराज साकारले ते तामिळ नट शिवाजी गणेशन यांनी. तुकोबांचा गळा अर्थातच घंटसालांचा. त्या आवाजाला आता थकवा आला होता. कान देऊन ऐकणाऱ्याला तो जाणवतो. पण तुकोबांच्या तोंडी तो थकवाही शोभून दिसला.

अखेरची तबकडी

१९७० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७१ साली इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिका असा दौरा झाला. पण मधुमेह आणि हृदयविकार यांनी शरीर पोखरले होते. आयुष्याचे दिवस मोजके उरले आहेत हे कळलेला माणूस काय करील? घंटसालांनी भगवद्गीता गायला घेतली. सातशे श्लोकांतून शंभराच्या आसपास श्लोक निवडले. श्लोक संस्कृतात गायचा आणि लगेच त्याचा अर्थ साध्या तेलुगूत सांगायचा, अशी योजना केली. गीतेचा अर्थ आपल्या माणसांना आपल्या बोलीत सांगावा, ही तळमळ ज्ञानोबांच्या महाराष्ट्राला नवी नाही.

ही तबकडी बाजारात आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ११ फेब्रुवारी १९७४ रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले. वय अवघे एक्कावन्न. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. सोलापूरला गेलो तेव्हा मास्तर म्हणाले, "त्या दिवशी पूर्व भागात बरेच माग थांबले होते." आणि जरा वेळाने, "माझा तरी थांबला होता."

त्याच वर्षीच्या दिवाळीत मास्तरांच्या मुलाने विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर आणला आणि गीतेची ती तबकडीही आणली. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला उटण्याचा वास, दारात पणत्या, आणि आम्ही दोन्ही घरांतली माणसे त्या खोलीत दाटीवाटीने बसलेलो. जो माणूस या जगात नव्हता, तो 'मरण म्हणजे वस्त्र बदलणे आहे' हे आम्हाला समजावून सांगत होता. मास्तर जन्मभर वस्त्रे विणीत आलेले. त्या श्लोकाला ते नकळत हसले आणि मग पंच्याने डोळे पुसले. माझ्या दिवाळीला ही गीता चिकटली ती अशी.

पुढे कॅसेट आल्या, ही गीता घरोघर गेली आणि हळूहळू ती दुःखाच्या घरचीच होऊन बसली. ज्याने जगणाऱ्यांना धीर यावा म्हणून गायिले, त्याचा आवाज लोकांना फक्त निरोपाच्या वेळी आठवू लागला. याचा दोष कुणाला द्यावा? माणसाला फार दुःख झाले की तो विश्वासाचा आवाज शोधतो. हा आवाज विश्वासाचा होता, म्हणूनच ही पाळी त्याच्यावर आली.

राहून गेलेले तिरुपती

मास्तर गेले आणि अम्मा मुलाकडे राहिली. १९९१ साली गाडीत केलेला निश्चय त्या दिवाळीनंतर तडीस गेला नाही. त्यानंतरच्याही नाही. कधी मुलांच्या परीक्षा, कधी बदली, कधी घराचे हप्ते. अम्माला भेटलो की ती म्हणायची, "होईल रे, घाई काय आहे?" २००३ साली टपाल खात्याने घंटसालांचे तिकीट काढले. ते घेऊन अम्माला दाखवायला जायचे, आणि या खेपेला तिरुपतीची तारीख ठरवूनच यायचे, असे मी मनाशी योजले. तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन आला.

मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. बोळाच्या तोंडापासूनच तो आवाज ऐकू येत होता. आत गेलो, भिंतीला टेकून बसलो. सुनेने न विचारता पुढ्यात ताट ठेवले. दुःखाचे घर, तरी लांबून आलेल्या माणसाला उपाशी ठेवायचे नाही, ही त्या घराची रीत. भात होता आणि चिंचेचे चारू होते. डोळ्यांतून पाणी आले. तिखटाने आले असे सगळ्यांना वाटले असावे, आणि तेच बरे झाले.

विजयनगरचा तो झोळीवाला मुलगा मोठा झाल्यावर आपल्या पहिल्या भिक्षेच्या दाराशी वेळेवर परत गेला. मला सोलापूरला रात्रीच्या गाडीने जाता येत होते, आणि मी गेलो नाही. दिवाळीला ही गीता मी लावतो त्यात भक्ती किती आणि टोचणी किती, हे माझे मलाच ठाऊक.

एवढे सगळे त्या दिवशी त्या मुलाला सांगितले. तो ऐकत राहिला. सौ.ने त्याच्यापुढे फराळाचे ताट ठेवले होते. चकली हातात तशीच धरून तो म्हणाला, "माझे आजोबा यांची पद्यं म्हणायचे. ते गेल्यापासून हा आवाज मी नीट ऐकलाच नव्हता. लागला की आम्ही खिडकी बंद करतो." मग त्याने स्वतःच आवाज थोडा वाढवला आणि एका श्लोकाचा अर्थ मला सांगितला, जो मी पन्नास वर्षे चुकीचा समजत होतो!

निघताना सौ.ने विचारले, "बायको दिसत नाही ती?"

"बाळंतपणासाठी माहेरी गेली आहे, काकू. अजून चार महिने."

"मग जेवणाचं काय करतोस?"

तो ओशाळून हसला. बाहेरून मागवतो, कधी राहून जाते, असे काहीबाही म्हणाला.

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "उद्यापासून रात्रीचं ताट आमच्याकडे. त्यात काय एवढं विचारायचं?"

अम्माला तिने दोनदाच पाहिले होते. ते वाक्य तिला मी कधी सांगितले होते, ते मला आठवत नाही.

मुलगा नियमाने आठ वाजता येऊ लागला. पहिला महिना संपताच त्याने पैशांचा विषय काढला. मी त्याला मास्तरांचे उत्तर दिले. फक्त 'माग' या शब्दाच्या जागी 'पेन्शन' हा शब्द घातला.